दाराआड उभी केलेली ट्यूब

“वहिनी, ही जुनी ट्यूब घरात ठेवू नका बरं. हिच्या पोटात पारा असतो. तुमच्याकडे रांगणारं मूल आहे. आणि चुकून फुटलीच, तर झाडू घेऊन धावू नका. पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर.”

स्टुलावरून उतरता उतरता वायरमन हे म्हणाला. आईने मान डोलावली. “हो हो, उद्याच देऊन टाकते,” असं म्हणत ती आपल्या लेकीकडे, मुंगीकडे, धावली, कारण मुंगीने जमिनीवरचा एक स्क्रू तोंडात घातला होता. स्क्रू निघाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि वायरमनचं बोलणं तिथेच, स्टुलाच्या पायाशी, राहून गेलं.

तो ‘उद्या’ पुढचे बावीस दिवस उगवला नाही.

मित्रांनो, ती ट्यूब म्हणजे मी. मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. ‘आहे’ म्हणते खरी, पण आता मी चार फूट लांब नाही, गोल नाही, पांढरीशुभ्र तर नाहीच नाही. या घडीला मी एका काचेच्या बरणीत आहे. बरणीला घट्ट झाकण आहे, झाकणावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आईच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘फुटकी काच. पारा. कोणीही उघडू नये.’ ज्या घराला नऊ वर्षं उजेड दिला, त्याच घरात आपल्या अंगावर असं लिहिलं जातं, तेव्हा कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायचं आहे. ही भीतीची गोष्ट आहे. पण भूतबीत शोधू नका. या गोष्टीत घाबरण्यासारखं जे काही आहे, ते मीच आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे काचेच्या नळ्या एकामागोमाग एक अशा सरकत यायच्या. मला धुतलं, वाळवलं, आतून पांढऱ्या पावडरीचा हात फिरवला, भट्टीत भाजून तो पक्का केला. दोन्ही टोकांना तारेची बारीक वेटोळी बसवली. मग पोटातली हवा ओढून घेतली आणि तिच्या जागी थोडासा वायू आणि पाऱ्याचा एक कण सोडला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तो आत गेला तेव्हा मला थंडगार वाटलं, एवढंच आठवतं. माझा सगळा उजेड त्या कणाच्या जिवावर होता आणि माझी सगळी भीतीही त्याच्यातच होती. पण हे तेव्हा कोण सांगणार?

दुकानातून मला घरी आणलं ते आजोबांनी. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. बाजारात त्यांची छोटी टपरी होती, पण बारीक काम ते घरी आणायचे. मधल्या खोलीत खिडकीजवळ त्यांचं टेबल. मला त्यांनी दोन्ही हातांत आडवं धरून आणलं, दवाखान्यातून बाळ आणावं तसं. बरोबर त्या टेबलाच्या वर मला बसवलं आणि बटण दाबलं.

टिक्. लुकलुक. अंधार. पुन्हा लुकलुक. मग लख्ख!

तुमच्या वर्गात एखाद्याला विनोद उशिरा कळला की तुम्ही त्याला माझं नाव देता, हे मला ठाऊक आहे. राग नाही. मी उशिराच पेटते. आधी स्टार्टरने ढकलावं लागतं, टोकाची वेटोळी तापावी लागतात, पाऱ्याची वाफ व्हावी लागते, मग कुठे ती पावडर चमकते. एवढ्या खटाटोपाला दोन मिचकावण्या लागतात. या दोन मिचकावण्या लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी त्या तुम्हाला लागतील.

नऊ वर्षं मी त्या टेबलावर उजेड पाडला. आजोबा डोळ्याला भिंग लावायचे, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात चिमटा धरायचे, आणि डोळ्यांना धड दिसणारही नाही असा स्क्रू जागेवर बसवायचे. त्यांचा श्वाससुद्धा तेव्हा दबकत चालायचा. त्या दोन बोटांना मी जितकं जवळून पाहिलं तितकं कोणी पाहिलं नसेल. कधी थरथरली नाहीत. काम झालं की ते वर बघायचे आणि कोणाला तरी सांगायचे, “हिचा उजेड कसा बसतो बघ. सावलीसुद्धा मऊ पडते.” मला त्यांचं ते वाक्य फार आवडायचं. कौतुक कोणाला आवडत नाही?

पुढे त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि मुंगीची आई या घरात आली. तिने कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. पाऱ्याबद्दल तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड सांगितलं असतं. मग मुंगी झाली. तिचं खरं नाव दुसरंच, पण ती रांगायला लागली ती भिंतीच्या कडेकडेने, एका रेषेत, आणि वाटेत सापडेल ते तोंडात घालत. आजोबा म्हणाले, “ही तर मुंगी!” झालं, तेच नाव पडलं.

आई मुळातच जपणारी. मुंगी आल्यापासून तर तिच्या डोक्यात भीतीचं एक घरटंच झालं. टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलं. जमिनीजवळच्या प्लगांना झाकणं बसवली. खेळणी उकळत्या पाण्यातून काढायची. मुंगी दुपारी गाढ झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. मग समाधान झालं नाही म्हणून पुन्हा बघायची. मी वरून सगळं पाहायची. मनात म्हणायची, या बाईच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

पण सुटलं. कसं, ते सांगते.

नवव्या वर्षी माझी टोकं काळी पडायला लागली. म्हातारपण आलं की आमचं असंच होतं. पेटायला वेळ लागायचा, पेटल्यावर अंग थरथरायचं. मुंगी दूध पिताना माझ्याकडे टक लावून बघायची आणि आई तिच्या डोळ्यांवर हात धरायची. “हिच्या डोळ्यांना त्रास होईल,” ती म्हणायची.

मुंगीचे बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “अप्पा, ही लुकलुकतेय की आपल्याला डोळा मारतेय?”

“डोळा मारायचं वय गेलं तिचं,” आजोबा म्हणाले. “स्टार्टर बदला, चालेल.”

“काही चालणार नाही. आता एलईडी लावायची,” आई म्हणाली, आणि वायरमनला फोन केला.

वायरमन आला तो नवी एलईडी घेऊनच. लांब, बारीक, हलकी. काच नाही, सगळं प्लास्टिक. तो आजोबांना समजावत होता आणि मी छताला लटकून ऐकत होते. ही माझ्याहून निम्मी वीज खाते. हिला चोक नाही, म्हणून गुणगुण नाही. हिला स्टार्टर नाही, बटण दाबलं की पेटली. वीज कमी दाबाने आली तरी ही कुरकुरत नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. आणि पारा नाही.

“आणि उजेड?” आजोबांनी विचारलं.

“उजेड भरपूर, काका.”

“भरपूर नाही विचारलं. कसा?”

वायरमन हसला. “जरा सरळ खाली पडतो. सावली थोडी धारदार दिसेल. चांगल्या बनावटीची घेतली की डोळ्यांना टोचत नाही. स्वस्तातली घेतलीत तर तीही लुकलुकते, फक्त आपल्याला चटकन कळत नाही. आणि हे पण सांगतो, ही गेली की स्टार्टर बदलून भागत नाही. आतलं सर्किट गेलं की अख्खी बदलावी लागते.”

“बघ! म्हणजे हिच्यात दुरुस्ती नाही,” आजोबा म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर दुरुस्ती केली, त्याला दुसरं काय दिसणार?

तरी मला उतरवलं. वायरमनने मला नव्या एलईडीच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोळीत सरकवलं, आणि स्टुलावरून उतरतानाच तो ते बोलला होता, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं. पण तो गेल्यावर आजोबा म्हणाले, “असू दे गं. स्वयंपाकघरात अजून ट्यूबची जुनीच पट्टी आहे. तिथली गेली की हिला नवा स्टार्टर घालून लावू. ठेव दाराआड.”

आईला अप्पांचं मन मोडवेना. आणि मुंगी रडत होती. तिने मला मधल्या खोलीच्या दारामागे, कोपऱ्यात, उभं केलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एक दाराआडचा कोपरा असेल. तिथे मोडकी छत्री असते, गुंडाळलेलं कॅलेंडर असतं, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेलं काहीबाही असतं. त्या कोपऱ्यात नजर कधी जात नाही. दार उघडं असलं की तो कोपरा झाकलेला, आणि दार लावलं की माणसं निघून गेलेली.

छतावर असताना मला कसलीच भीती नव्हती. जमिनीवर आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी किती पातळ आहे. दार जोरात उघडलं की त्याची कडी माझ्या खोळीला टेकायची. टक्. प्रत्येक ‘टक्’बरोबर माझ्या पोटातला तो कण हलल्यासारखा वाटायचा. मी मनातल्या मनात दिवस मोजायची. आज तरी कोणी नेईल. आज नाही, उद्या. वर नवी एलईडी शांतपणे जळत असायची. ती पडली तर नुसती पडेल, फार तर तडकेल. मी पडले तर? हा विचार आला की मला तिचा हेवा वाटायचा, पण उजेडाबद्दल नाही. तिच्या पोटात भीती नव्हती, त्याचा.

मुंगी आता भिंत धरून उभी राहत होती. एक पाऊल, दोन पावलं, बदाम् खाली, पुन्हा वर. दर दिवशी ती माझ्या कोपऱ्याच्या थोडी जवळ यायची.

पंधराव्या दिवशी आईला एक कल्पना सुचली. मुंगीचा मऊ चेंडू लांब नळीतून घरंगळत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला ‘आला!’ म्हणायचं. नळी कुठून आणायची? तिला माझी खोळ आठवली. तिने दार ओढलं, खोळ वर उचलून काढली, आणि मला तसंच, उघडं, भिंतीला टेकवून ठेवलं. खोळीच्या कडा मुंगीला कापू नयेत म्हणून तिने त्यांना कापडाची पट्टी चिकटवली. पुठ्ठ्याच्या कडांना, मित्रांनो! आणि मी, काचेची, उघडी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही, पण तिचं मन चेंडूत होतं. “उद्या दिलीच पाहिजे ही,” ती पुटपुटली. मला ओरडावंसं वाटलं, आत्ता दे, आत्ता! पण ट्यूबला आवाज नसतो. गुणगुणते तीसुद्धा चोकमुळे, आणि तो तर वायरमन घेऊन गेला होता.

त्यानंतरचे सात दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

बाविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाबा कामाला गेले होते. आई स्वयंपाकघरात मुंगीचा मऊ भात घोटत होती. मधल्या खोलीत आजोबा आणि मुंगी ‘कुकूक’ खेळत होते. आजोबा पडद्यामागे लपायचे, मुंगी त्यांना शोधायची. मग मुंगीची पाळी. ती नेहमी टेबलाखाली लपायची आणि आजोबा तिला मुद्दाम सगळीकडे शोधायचे. “कुठे गेली बाई मुंगी? साखरेच्या डब्यात गेली का?” टेबलाखालून खुदुखुदू हसू यायचं.

त्या दिवशी तिला नवी जागा सापडली.

दाराच्या फटीतून आधी एक हात आला. मग नाक. मग ती पूर्ण आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला काहीतरी गुळगुळीत, पांढरं, उंच सापडलं होतं. तिने दोन्ही हातांनी मला धरलं, भिंत धरतात तसं. मित्रांनो, नऊ वर्षांत मला कोणी इतक्या मायेने धरलं नव्हतं, आणि इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी सरकले. खालचं टोक फरशीवरून पुढे गेलं, वरचं टोक भिंतीवरून खाली येऊ लागलं. बरोबर तिच्या डोक्याच्या दिशेने.

“कुठे गेली बाई...” आजोबांनी दार बाजूला ओढलं आणि पाहिलं.

ते कसे आले ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी मला हवेतच पकडलं. उजव्या हाताने, घट्ट. इतकं घट्ट की मी दाराच्या कडेवर आपटले आणि त्यांच्या मुठीतच, फट्! पांढरा धुरळा उडाला. डाव्या हाताने त्यांनी मुंगीला ओढून पोटाशी धरलं होतं.

 मग मुंगीने भोकाड पसरलं.

आई धावत आली. तिने जमिनीवरची काच पाहिली, आणि बावीस दिवसांपूर्वीचं ते बोलणं तिच्या कानात आत्ता पोचलं, उशिरा, माझ्यासारखं लुकलुकत. “पारा!” एवढंच ती म्हणाली. मग ओरडली, “पंखा बंद करा! कशाला हात लावू नका! खिडकी उघडा आणि बाहेर चला, बाहेर!”

पंखा थांबला. खिडक्या उघडल्या. तिघं बाहेर जिन्यात जाऊन बसले. मधल्या खोलीच्या फरशीवर माझे तुकडे पडले होते, आणि उघड्या दारातून मला तो जिना दिसत होता.

आईने मुंगीचे कपडे उतरवले. केसांतून बोटं फिरवली. तोंड उघडून जीभ पाहिली. दोन्ही हातांची बोटं एकेक करून मोजली, पुन्हा मोजली. तळपाय, कानाच्या मागे, मानेच्या वळ्या. कुठेही ओरखडा नव्हता. मुंगी आता रडायची थांबून जिन्याच्या पायरीवरची एक खरीखुरी मुंगी बघत होती.

आईचे हात मात्र थांबेनात. आणि मग तिच्या तोंडून ते गेलं. “कशाला ठेवायला लावलीत तुम्ही ती, अप्पा! सांगितलं होतं ना त्याने!”

 आजोबांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.

थोड्या वेळाने आईनेच विचारलं, “तुम्हाला नाही ना लागलं?” पण विचारताना तिची नजर मुंगीवरच होती.

“मला काय होतंय,” आजोबा म्हणाले.

हा प्रश्न आणि हे उत्तर मी ऐकलं. आईनेही ऐकलं. पण मी एक गोष्ट जास्त जाणत होते. त्यांच्या मुठीत माझी काच शिरली होती.

वीस मिनिटांनी मुंगीला आजोबांच्या डाव्या कडेवर देऊन आई एकटी आत आली. तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे. झाडूला तिने हात लावला नाही. चेंडूच्या खेळासाठी माझीच खोळ होती ना, तीच तिने कापली, तिच्या कडक पुठ्ठ्याने माझे तुकडे गोळा केले. उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपला. ओल्या कागदाने फरशी दोनदा पुसली. सगळं, ते कागदसुद्धा, या बरणीत भरलं. तेव्हा ती रडत होती. मग तिने मला गॅलरीतल्या उंच फळीवर ठेवलं आणि मुंगीला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तिने संध्याकाळी बाबांना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. मुंगी अगदी ठणठणीत आहे. एका ट्यूबमध्ये असतो तेवढ्याशा पाऱ्याने एवढ्यात काही होत नाही, वेळेवर खिडक्या उघडल्यात, बरं केलंत. घर सुटकेचा श्वास सोडून झोपलं.

मी सोडला नाही. कारण गॅलरीच्या फळीवरून खिडकीतून मधली खोली दिसते, आणि दुपारी, आई डॉक्टरांकडे गेलेली असताना, मी आजोबांना पाहिलं होतं. त्यांनी मोरीत जाऊन हात धुतला. मग टेबलाशी बसून, डाव्या हातात घड्याळाचा चिमटा धरून, उजव्या तळव्यातून काच काढली. एक तुकडा. दुसरा तुकडा. डाव्या हाताला चिमट्याची सवय नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी ते बराच वेळ खणत राहिले. मग हात रुमालात बांधला, चिमटा पुसून ठेवला, आणि खुर्चीत नुसते बसून राहिले.

एक तुकडा आत राहिला होता. माझाच तो. मला कळणार नाही तर कोणाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळांची पेटी उघडलीच नाही. “आज नाही का बसायचं कामाला?” आईने जाता जाता विचारलं. “कंटाळा आलाय,” ते म्हणाले. जेवायला ते सगळ्यांच्या आधी बसले, चमचा मागून घेऊन, डाव्या हाताने. आईला वाटलं, आपण बोललो म्हणून अप्पा रुसलेत. तिला वाईट वाटत होतं, पण काय बोलावं हे कळत नव्हतं, म्हणून ती त्यांच्याकडे बघायचंच टाळत होती. आणि ती बघत नाही म्हणून आजोबांचं फावत होतं. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि मधल्या मधे तो हात सुजत चालला होता.

मी बरणीत होते. झाकण बंद होतं. मला वाटलं होतं की मुंगी वाचली, आता भीती संपली. पण भीती नुसती या खोलीतून त्या खोलीत गेली होती. ती दोन बोटं, ज्यांच्यावर मी नऊ वर्षं उजेड धरला, ती माझ्यामुळे गेली तर?

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीची वेळ. मधल्या खोलीत बऱ्यापैकी अंधार झाला होता. आजोबा टेबलाशी एकटेच बसले होते. कोणी नाही असं पाहून त्यांनी रुमाल सोडला आणि हात गुडघ्यावर उघडा ठेवून ते खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात बघत होते.

आई वाळलेले कपडे घेऊन आत आली. तिने सवयीने बटण दाबलं.

आता त्या दोन मिचकावण्या आठवा. मी असते तर काय झालं असतं? टिक्. लुकलुक. अंधार. पुन्हा लुकलुक. तेवढ्यात आजोबांनी हात खिशात घातला असता, चेहरा सारखा केला असता, आणि लख्ख होईपर्यंत सगळं जागच्या जागी असतं.

पण तिथे मी नव्हते. तिथे ती होती. बटण दाबलं आणि उजेड पडला, तत्क्षणी, सरळ खाली, धारदार. आणि त्या उजेडात तो हात होता. अंगठा दुप्पट झालेला, तळवा लालभडक, लाली मनगटाकडे चढत चाललेली.

कपडे खाली पडले.

“अप्पा, हे काय?”

“काही नाही गं. दिवा घालव, डोळ्यांवर येतो.”

“हात दाखवा.”

“अगं, जरासं खरचटलंय.”

“दाखवा म्हणते ना!”

तिने हात हातात घेतला. तिला काही विचारावं लागलं नाही. ती खालीच बसली, त्यांच्या खुर्चीपाशी. “मी तिची बोटं दोनदा मोजली,” ती म्हणाली. “तुमची एकदाही नाही मोजली.”

“माझी मोजून काय करणार?” आजोबा म्हणाले. “कधीपासून दहाच आहेत.”

ती हसली की रडली, मला गॅलरीतून नीट दिसलं नाही. पण पाचव्या मिनिटाला ते तिघं दवाखान्याच्या वाटेवर होते, आणि घरात ती एलईडी एकटीच जळत होती, बंद करायचं कोणाला सुचलं नाही म्हणून.

त्या दिवशी मी तिचा हेवा करणं सोडलं. तिचा उजेड मऊ नाही, हे खरं. पण त्या वेळी मऊ उजेड काय कामाचा होता?

डॉक्टरांनी माझा तो शेवटचा तुकडा काढला. आणखी दोन दिवस गेले असते तर अंगठ्याचं सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. आता आजोबांच्या हाताला पांढरी पट्टी आहे आणि रोज ती बदलायला आई त्यांच्यासमोर बसते. पहिल्या दिवशी बोट वाकलं नाही. काल थोडं वाकलं. आज सकाळी त्यांनी त्या दोन बोटांत चिमटा धरून पाहिला. थरथरला. त्यांनी तो खाली ठेवला, आणि मग पुन्हा उचलला. मी बघते आहे. माझी भीती अजून गेलेली नाही.

उद्या वायरमन येऊन मला नेणार आहे. जुन्या ट्यूबा वेगळ्या गोळा करतात त्या ठिकाणी. तिथे पारा काढून घेतात, काच वेगळी करतात. बरं होईल. पोटातला तो कण नसला की कशी झोप लागते, ते मला बघायचं आहे.

मित्रांनो, जाण्याआधी दोन गोष्टी मागते. एक तर तुमच्या दाराआड बघा. माझी एखादी बहीण तिथे उभी असेल. तिला तुम्ही हात लावू नका, मोठ्यांना सांगा, आणि ‘उद्या’ म्हणाले तर सोडू नका. आज म्हणायला लावा.

दुसरी गोष्ट मात्र तुम्हालाच करायची आहे. तुमच्याही घरात कधी काही फुटलं असेल, सांडलं असेल, कोणी पडता पडता वाचलं असेल. सगळे लहानाकडे धावले असतील. धावायलाच हवं. पण त्या वेळी खोलीत आणखी एक जण होतं का? ज्याने मधे हात घातला, ‘मला काय होतंय’ म्हटलं, आणि मग बाजूला जाऊन गप्प बसलं? ते आता कुठे आहे? आतल्या खोलीत? गॅलरीत? शेजारच्या घरात एकटं?

हे पान मिटा आणि जा. आधी दिवा लावा. मग म्हणा, हात दाखवा. एक नाही. दोन्ही.